लघवीची जळजळ आणि लॉजवरचा 'वैद्य' : चिपळूणमधला आमचा अनुभव, जोडप्यांनी नक्की वाचा

हे लिहायचं की नाही यावर आमच्यात बरंच बोलणं झालं, शेवटी मिस्टरच म्हणाले की नाव टाकू नको पण लिही, कारण तो माणूस अजून फिरतोय आणि आमच्यासारखी जोडपी कोकणात वाडीवाडीत आहेत.

मिस्टर मुंबईला नोकरीला, मी सासूबाईंबरोबर गावी. ते येणार गणपतीला नि शिमग्याला, मध्ये सुट्टी मिळाली तर तेवढंच. गणपतीत आले, आणि गौरी गेल्यावर मला लघवीला जळजळ सुरू झाली. सारखं लागल्यासारखं वाटायचं आणि गेलं की चार थेंब, ओटीपोटात कळ, लघवी गढूळ आणि वास मारायची. सासूबाई म्हणाल्या, उन्हाळी लागलीय, धण्याचं पाणी पी. प्यायले, पण थांबेना. गावातल्या डॉक्टरांकडे जायचं तर कंपाउंडर आमच्याच वाडीतला, आणि नवरा आल्यावरच हिला असा त्रास झाला म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत गावभर चर्चा, म्हणून मी गप्प बसले होते.

बाजारात गेलो तेव्हा भिंतीवर एक पिवळं पोस्टर दिसलं. गुप्तरोग, धातुरोग, स्त्रियांचे आजार, खात्रीशीर इलाज, पती-पत्नीने एकत्र यावे, खाली मोबाईल नंबर आणि लॉजचा पत्ता. मिस्टरांनी फोन लावला तर समोरचा इतका आपुलकीने बोलला, म्हणाला ताईंना घेऊन या, काही लाजायचं कारण नाही, फी फक्त २०० रुपये.

लॉजच्या खोलीत त्याने आधी मला एकटीला बसवलं. लघवी एका काचेच्या नळीत घेतली, वर बाटलीतले कसले तरी थेंब टाकले आणि माझ्या डोळ्यांसमोर ती दुधासारखी झाली. म्हणाला, बघा, हा रोग आहे, आणि हा तुमचा नाही, हा बाहेरून आलाय, तुमचे मिस्टर मुंबईत एकटे राहतात ना? एवढंच बोलून थांबला. मग मला बाहेर पाठवून मिस्टरांना आत घेतलं, त्यांच्याही लघवीचं तेच केलं, आणि त्यांना सांगितलं की तुमचा धातू जातोय, पण मूळ दोष बायकोकडून लागलाय, तुम्ही इथे नसता तेव्हाचं तुम्हाला काय माहीत. दोघांनाही बजावलं, हे एकमेकांत बोलायचं नाही, नाहीतर औषध लागू पडणार नाही. आणि इंग्रजी गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत, रोग आत दबतो.

औषधाचे १,५०० सांगितले होते. मग खलात एकेक वस्तू टाकत गेला, हे शिलाजीत, हे केशर, हे सुवर्णभस्म, सगळं कुटून पुड्या बांधून झाल्यावर म्हणतो की १,५०० हा एका ग्रॅमचा भाव, दोघांचं मिळून २४ ग्रॅम झालंय, म्हणजे ३६,०००, आणि आता कुटल्यावर परत घेता येत नाही. खोलीत त्याची अजून दोन माणसं दारापाशी उभी. मिस्टरांनी होते तेवढे रोख दिले आणि बाकीचे क्यूआर स्कॅन करून, त्यावर नाव तिसऱ्याच माणसाचं. बिल मागितलं तर म्हणाला आयुर्वेदात बिल नसतं. हे साफ खोटं आहे, पदवीधर वैद्य पावती देतात आणि त्यांच्या दवाखान्यात नोंदणी नंबर लावलेला असतो.

पैशांचं दुःख आहेच, पण खरं सांगते, त्यानंतरचे दिवस जास्त वाईट गेले. आम्ही एका घरात राहून एकमेकांकडे संशयाने बघत होतो. मी त्यांचा मोबाईल तपासला. ते माझ्याशी बोलेनासे झाले. सासूबाईंना कळेना की चांगलं हसतं-खेळतं घर अचानक असं का झालं.

आणि त्याच्या पुड्या खाऊन माझी जळजळ वाढतच गेली, मग थंडी वाजून ताप आणि बरगडीच्या खाली पाठीत एका बाजूला असह्य दुखणं, उलट्या. मिस्टरांनी रिक्षा करून सरळ सरकारी हॉस्पिटलला नेलं, तिथे ॲडमिट करून शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. इन्फेक्शन मूत्राशयातून वर किडनीपर्यंत गेलं होतं. लघवीत पस सेल्स भरपूर, आणि कल्चरचा (लघवीत कोणता जंतू वाढतो ते बघायच्या तपासणीचा) रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तो आला त्यात ई कोलाय.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितेय. ई कोलाय हा आपल्याच आतड्यात राहणारा जंतू. बाईचा मूत्रमार्ग साधारण ४ सेंटीमीटरचा, आणि गुदद्वार जवळ, त्यामुळे जंतू सहज आत जातो. संबंधाच्या वेळी तो आणखी आत ढकलला जातो, म्हणून नव्याने लग्न झालेल्या किंवा बऱ्याच दिवसांनी एकत्र आलेल्या जोडप्यांत बाईला हा त्रास बऱ्याचदा दिसतो. म्हणजे नवऱ्याने बाहेरून रोग आणला असं नाही, बायकोचं काही वाकडं आहे असंही नाही. हा गुप्तरोग नव्हेच, आणि नवऱ्याला काही त्रास नसेल तर त्याला औषधाची गरजही नसते. हे ऐकल्यावर मिस्टर तिथेच रडले.

नळीतल्या दुधाचंही विचारलं. मॅडम म्हणाल्या, लघवीत फॉस्फेटचे क्षार असतात, त्यात सोड्यासारखा अल्कली पदार्थ टाकला की निरोगी माणसाची लघवीसुद्धा पांढरी गढूळ होऊ शकते. मिस्टरांना त्या पुड्यांनी डोकं दुखायचं आणि चेहरा लाल व्हायचा, त्यावर त्या म्हणाल्या की असल्या चूर्णांत सिल्डेनाफिलची (म्हणजे व्हायग्राची) गोळी कुटून घातलेली बऱ्याचदा सापडते, आणि जो हार्टसाठी सॉर्बिट्रेट घेतो त्याचं बीपी त्याने धोकादायक उतरू शकतं, माणूस जाऊही शकतो. उरलेल्या पुड्या आम्ही जपून ठेवल्या.

बाकी पाणी भरपूर प्यायचं, लघवी दाबून धरायची नाही (एसटीच्या प्रवासात आपण बायका काय करतो ते सगळ्यांना माहितीय, स्टँडवरच्या संडासात जायची सोय नसते म्हणून पाणीच पीत नाही), संबंधानंतर लघवीला जाऊन यायचं, धुताना पुढून मागे, आत सुगंधी वॉश वगैरे नाही, आणि गोळ्यांचा कोर्स बरं वाटलं तरी पूर्ण करायचा. गरोदर बाईने तर एक दिवसही अंगावर काढू नये. मात्र दोघांपैकी कुणाला पू येत असेल, फोड किंवा जखम असेल, खाज आणि घाण वासाचा स्राव असेल तर ते वेगळं, तेव्हा दोघांनी तपासून घ्यावं लागतं. त्यासाठी सरकारी हॉस्पिटलांत सुरक्षा क्लिनिक असतात, तपासणी फुकट आणि नाव गुप्त राहतं. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचारही मोफत आहेत.

आम्ही पोलिसांत अर्ज दिला आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडेही, कारण बोगस डॉक्टरांची तक्रार तिथे घेतात. पदवी आणि नोंदणी नसताना प्रॅक्टिस करणं महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गुप्तरोग किंवा लैंगिक कमजोरी बरी करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणजे ते पोस्टर हाच पुरावा. लॉजच्या रजिस्टरला त्याचं नाव वेगळंच निघालं, फोन बंद. पैसे अजून मिळालेले नाहीत. ऑनलाइन दिलेल्या रकमेसाठी आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला उशिरा फोन केला, कारण मी ॲडमिट होते. तुमच्या बाबतीत झालं तर त्याच तासाला करा, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात.

शिमग्याला चाकरमानी आले की तो परत बसेल, हे लॉजच्या शेजारच्या पानवाल्यानेच आम्हाला सांगितलं. चिपळूण, खेड, गुहागर, संगमेश्वर भागात कुणाला असं पोस्टर दिसलं तर फाडायच्या आधी नंबर आणि पत्ता दिसेल असा फोटो काढून पोलीस स्टेशनला द्या, आणि ज्यांच्याकडून त्याने पैसे घेतलेत त्यांनी पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि उरलेल्या पुड्या फेकू नका, आमच्या एकट्याच्या अर्जापेक्षा चार अर्ज असतील तर गुन्हा लवकर दाखल होईल.