चार इंची थापी: बुटांआधी ही घ्या

उन्हाळ्यात इंग्लंडला पुरातत्त्वीय उत्खननाला जाणार असाल तर बुटांचं नंतर बघा, आधी डब्ल्यूएचएस या ब्रिटिश ब्रँडची चार इंची थापी घ्या. रोमन सम्राट हेड्रियनने बांधवून घेतलेल्या भिंतीजवळच्या विंदोलांडा या रोमन किल्ल्यात मी हीच वापरली. पातं आणि मुठीत जाणारा दांडा एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेला, जोड नाहीच. पुण्याहून हौसेने नेलेल्या गवंडीकामाच्या थापीचा जोड तिथल्या चिखलात सुटला. दुकानाचं नाव घेत नाही.

खरी कमाल कडेची. पातं आडवं धरून स्वतःकडे ओढलं की माती पापुद्र्यासारखी निघते आणि जुन्या खांबाच्या खड्ड्याची काळसर गोल कड स्पष्ट दिसते. टोक खुपसू नका. पर्यवेक्षक ओरडतात, आणि बरोबरच ओरडतात. रोमन काळात शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्या १९७३ मध्ये विंदोलांडातच सापडल्या, हवा न पोचणाऱ्या ओल्या थरात टिकलेल्या. तसलं लाकूड दिसलं की थापी बाजूला, नुसती बोटं.

विमानात थापी चेक-इन बॅगेतच टाका. आणि मुठीला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा, चहाच्या सुट्टीनंतर सगळ्यांच्या थाप्या सारख्याच दिसतात.