वेअरवुल्फ बाय नाईट की टूम ऑफ ड्रॅक्युला, एकच घ्यायचं असेल तर?

२०२२ मध्ये वेअरवुल्फ बाय नाईटचा तो ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही स्पेशल आला ना, गाएल गार्सिया बर्नालवाला, तेव्हापासून ओळखीतले दोन-चार जण मला विचारून गेले की मूळ कॉमिक्स वाचायचंय तर कुठून सुरू करू. आणि चौकशी करायला गेलं की जो तो एकच सांगतो, लांडगा (म्हणजे वेअरवुल्फ बाय नाईट) सोड, त्याच काळातला ड्रॅक्युला (टूम ऑफ ड्रॅक्युला) घे, तो खरा मास्टरपीस. मलाही असंच सांगितलं होतं, मी निमूट ऐकलं, आधी ड्रॅक्युला घेतला आणि मग वर्षभराने लांडगा. म्हणजे पैसे दोन्हीवर घालून झालेत, झोप दोन्हीने घालवलीये, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो. ज्यांचं बजेट एकाचंच आहे त्यांच्यासाठी हे.

दोन्ही मार्व्हलचे, दोन्ही १९७२ चे. १९७१ मध्ये कॉमिक्स कोड, म्हणजे कॉमिक्समध्ये काय चालेल याची अमेरिकेतली नियमावली, सैल झाला, रक्तपिपासू आणि वेअरवुल्फ चालतील म्हणाले (झॉम्बी मात्र नाही, का ते त्यांनाच ठाऊक), आणि वर्षाच्या आत दोघंही बाजारात. ड्रॅक्युला १९७९ पर्यंत ७० अंक चालला. लांडगा आधी मार्व्हलच्याच मार्व्हल स्पॉटलाइट या कॉमिकच्या २ ते ४ या अंकांत आला, मग सप्टेंबर १९७२ पासून स्वतःचं मासिक, आणि ४३ व्या अंकाला १९७७ मध्ये गाशा गुंडाळला. नुसता हिशेब केला तर ड्रॅक्युला जिंकला, विषय संपला.

आणि खरं सांगायचं तर बऱ्याच बाबतीत तो जिंकतोच, उगाच नाकारण्यात अर्थ नाही. जीन कोलनने सगळेच्या सगळे ७० अंक काढलेत, एकट्याने. बहुतेक अंकांवर टॉम पामरची शाई. धुकं, ओले रस्ते, वाऱ्यावर पसरलेला तो झगा, एखादं पान नुसतं बघत बसावं असं. ड्रॅक्युलाचा चेहरा जॅक पॅलन्स या नटावरून घेतलेला, आणि गंमत म्हणजे पुढे १९७४ मध्ये पॅलन्सने टीव्हीवर खरोखरच ड्रॅक्युला केला. लिखाण सुरुवातीला हातोहात फिरलं, पण ७ व्या अंकापासून मार्व्ह वुल्फमन आला तो शेवटपर्यंत राहिला. १० व्या अंकात ब्लेड आला, तोच सिनेमावाला, आणि तेव्हा तो असा हिरवा चष्मा लावून फिरणारा होता की आज बघितलं तर हसू येतं. क्विन्सी हार्कर व्हीलचेअरवरचा म्हातारा, रेचल व्हॅन हेल्सिंग क्रॉसबो घेऊन, फ्रँक ड्रेक ज्याच्या अंगात दुर्दैवाने ड्रॅक्युलाचंच रक्त आहे. ड्रॅक्युलाच्या मागावर असलेली ही टोळी मस्त जमलीये.

टोळीत आपला एक माणूसही आहे, ताज निताल. भारतीय, फेटा, धिप्पाड. आणि मुका. ड्रॅक्युलाने गळ्यावर हल्ला केला म्हणून त्याचा आवाज गेला असं कारण दिलंय, कारण पटतं, पण इतक्या बडबड्या कॉमिकमध्ये, जिथे दोन माणसं जिना उतरताना पण चार फुगे बोलतात, तिथे एकुलत्या एक भारतीयाच्या तोंडी शब्द नाही म्हटल्यावर मी जरा वेळ पुस्तक मिटून बसलो. नंतर तो भारतात परततो, बायको, रक्तपिपासू झालेला मुलगा, तो भाग फार चांगला आहे. पण त्याचं दुःखही दुसरेच कोणीतरी बोलून दाखवतात. असो, मी काही यावरून निर्णय घेतला नाही.

निर्णय कशावरून झाला ते सांगतो, आणि तुम्हाला ते क्षुल्लक वाटू शकतं. ड्रॅक्युलात एक सवय आहे. जवळपास दर अंकात एखादा नवा माणूस येतो. कधी एकटी राहणारी बाई, कधी घरात भांडून बाहेर पडलेला कोणी. वुल्फमन त्या माणसाचं अख्खं आयुष्य पाच-सहा चौकटींत सांगतो, आणि इतकं छान सांगतो की तुम्ही गुंतता, आता याचं पुढे काय होणार असं वाटायला लागतं, आणि पान उलटलं की तो झगा दिसतो. संपलं. माणूस मेला, ड्रॅक्युला वटवाघूळ होऊन उडाला, पुढच्या पानावर लंडनमध्ये दुसरंच काहीतरी. पहिल्यांदा काटा येतो. पाचव्यांदा पण येतो. पण पंधराव्या अंकाच्या आसपास माझं असं झालं की नवा माणूस दिसला की मी त्याचं नावच वाचायचं सोडून दिलं, कशाला जीव लावा, हा काय पुढच्या पानापर्यंत टिकत नाही. मी रात्री जेवण झाल्यावर अंथरुणात वाचतो, बायको लाइट बंद कर म्हणते तोपर्यंत एखादा अंक होतो, आणि रोज झोपण्यापूर्वी कोणीतरी साधा माणूस मारून झोपायचं हे मला, कसं सांगू, जड व्हायला लागलं. बरं, ज्याने मारलं त्याला त्याचं काहीच नाही. तो सरदार आहे, त्याला भूक लागली, संपला विषय. पुढे पुढे त्याला मऊ करायचा प्रयत्न होतो, बोस्टनला जातो, बायको-मुलगा वगैरे, आणि तो भाग सगळ्यात भारी आहे असं जाणकार म्हणतात, असेलही. पण तिथपर्यंत पोचायला चाळीसेक अंक लागतात आणि मी मधेच दोन महिने थांबलो. परत उघडलं तर कोण कोणाचा कोण, काही आठवेना.

आता लांडगा. जॅक रसेल नाव ऐकून पहिल्यांदा मीही हसलो, कुत्र्याच्या जातीचं नाव आहे ते. खरं नाव जेकब रुसॉफ, जन्म ट्रान्सिल्व्हेनियाचा, वाढला लॉस एंजेलिसला. अठरावा वाढदिवस, पार्टी चालू, आणि अंगात काहीतरी कालवाकालव सुरू. शाप बापाकडून आलाय. आईचा गाडीचा अपघात होतो, आणि मरताना ती पोराला सगळं सांगते आणि वचन घेते की सावत्र बापाला हात लावायचा नाही. झालं, पोरगा अडकला. ज्याने अपघात घडवला असा संशय आहे त्यालाच हात लावायचा नाही, आणि महिन्यातल्या तीन रात्री तर हात आपल्या ताब्यातच नाहीत. तीन रात्री म्हणजे आपल्या हिशेबाने चतुर्दशी, पौर्णिमा आणि प्रतिपदा. आपल्याकडे जन्मला असता तर आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवले असते आणि त्या तीन दिवशी मामाकडे कोंडला असता.

पण हे तीन रात्रींचं गणित हाच या मालिकेचा जीव आहे, निदान मला तसं वाटतं. कारण रात्र संपते. ड्रॅक्युलात मला जी चुकल्यासारखी वाटत होती ती सकाळ इथे जवळपास प्रत्येक गोष्टीत येते. जॅक कुठेतरी उठतो, चिंध्या झालेली पँट, अंग ठणकतंय, आणि पहिला प्रश्न, काल मी काय केलं. कोणाला लागलं का. आपण जे रात्री बघितलं ते त्याला दिवसा भोगावं लागतं. बक कोवन नावाचा त्याचा लेखक मित्र आहे, या मालिकेतला सगळ्यात भला माणूस, सुरुवातीपासून साथ देणारा. पुढे एका हिवाळी गोष्टीत लांडगा त्याच बकला फाडतो आणि तो हॉस्पिटलात जाऊन पडतो. इथे तो माणूस पुढच्या पानावर विसरला जात नाही, पुढचे कितीतरी अंक ते ओझं जॅकच्या मानेवर आहे, त्याला बरं करायला म्हणून तो नाही नाही त्या भुताटकीच्या घरात शिरतो. मला हे पुरतं. व्हिलन दुसऱ्या दर्जाचा असला तरी चालतो.

आणि असतोच, दुसऱ्या दर्जाचा. लांडग्याचे दोष झाकायचे नाहीत मला. सगळं जॅक स्वतः सांगतो, मी मी करून, आणि म्हणतो की लांडगा असताना मला भान नसतं, आणि मग त्याच रात्रीचं वर्णन असं करतो की पंचनामा करणारा हवालदार लाजेल. दर अंकात शापाची कथा पहिल्यापासून, मासिक होतं तेव्हा ठीक, एकत्र वाचताना डोक्याला शॉट. बोलणं सत्तरच्या दशकातल्या कॅलिफोर्नियातलं, हिप्पी छाप. चित्रांचं तर ड्रॅक्युलाशी तुलनाच नको, कारण इथे सगळे अंक एकाच चित्रकाराचे नाहीत. सुरुवातीचा माइक प्लूग जबरदस्त आहे, तो आधी विल आइसनर या नावाजलेल्या कॉमिक्स चित्रकाराच्या हाताखाली काम करून आलेला आणि ते दिसतं, त्याचा लांडगा दबा धरून बसला की पाठीची कमान बघूनच पोटात गोळा येतो, आणि माणसाचा लांडगा होतानाच्या चौकटी तर मी मोबाइलवर फोटो काढून ठेवल्यात. मग मधे टॉम सटन, गिल केन, परत प्लूग, आणि १७ पासून शेवटपर्यंत डॉन पर्लिन. पर्लिन प्रामाणिक माणूस, पण प्लूगनंतर त्याचं काम म्हणजे आमरसानंतर ताक. सवय व्हायला वेळ लागतो. शेवटच्या अंकांत तर लांडग्याला पूर्ण भान राहायला लागतं आणि आयर्न मॅन येतो, तिथे मला वाटलं की हे आता सुपरहिरो करायला निघालेत, आणि तेवढ्यात मासिकच बंद पडलं. बरं झालं म्हणू का?

हां, मार्व्हलचा सुपरहिरो मून नाईट आवडत असेल तर तो इथलाच. ३२ वा अंक, ऑगस्ट १९७५, लिखाण डग मेंचचं, चित्रं पर्लिनची. कमिटी नावाची एक टोळी त्याला पैसे देऊन लांडगा पकडायला पाठवते, म्हणजे पाहुणा म्हणून सुद्धा नाही, सुपारी घेऊन आलाय. चांदीची हत्यारं त्याच्यासाठीच. त्या एका अंकासाठी लोक वेड्यासारखे पैसे मोजतात, आपण संग्रहातच वाचावा.

अजूनही ठरत नसेल तर माझ्या अंदाजाने एक स्वस्त उपाय आहे. मार्च १९७४ मध्ये या दोघांची गाठ पडली होती. आधी टूम ऑफ ड्रॅक्युलाचा १८ वा अंक, मग वेअरवुल्फ बाय नाईटचा १५ वा. डिजिटल सुटे मिळतात. दोन्ही वुल्फमननेच लिहिलेत, म्हणजे लेखक तोच, फक्त पहिला अर्धा कोलनचा आणि दुसरा प्लूगचा, यापेक्षा सरळ तुलना कुठे मिळणार. जॅक आणि त्याची जादू जाणणारी मैत्रीण टोपाझ ट्रान्सिल्व्हेनियाला घराण्याचा शोध घ्यायला जातात आणि कळतं की रुसॉफ घराण्याला हा शाप लागण्याची सुरुवातच ड्रॅक्युलाच्या वाड्यातून झाली, १७९५ मध्ये. म्हणजे एकाची भूक दुसऱ्याच्या पणजोबा-खापरपणजोबापासून मानगुटीवर बसलीये. ते दोन अंक वाचताना तुम्ही कोणाच्या बाजूने वाचताय ते स्वतःच बघा. तुमची नजर झग्याकडे गेली तर ड्रॅक्युला घ्या, माझं काही म्हणणं नाही, चित्रांसाठीच पैसे वसूल आहेत, आणि ज्याला एकसलग मोठी कादंबरीसारखी गोष्ट हवी, जो रोज वाचणार, ज्याला नावं लक्षात राहतात, त्याला तोच बरा.

माझ्यासारखं मधेच सोडून मधेच धरायचं असेल तर लांडगा. सुरुवातीपासून प्लूगचा १६ वा अंक संपेपर्यंत सलग वाचा, १७ पासून पर्लिन लागला की पाहिजे तर गॅप घ्या, मग एकदम ३० च्या आसपास पकडा, फारसं काही बिघडत नाही. माझ्या भाच्याला मी हेच सांगितलं, त्याने तरीही ड्रॅक्युला घेतला, वर म्हणाला मामा तुझं सेंटिमेंटल आहे. परवा फोन आला त्याचा. बावीसाव्या अंकावर आहे म्हणाला, आणि विचारत होता की तुझा लांडगा आठवडाभर देशील का.