राजीनामा द्यावा की आत राहून नकार नोंदवावा?

अधिकारपदावरील माणसासमोर तत्त्वाला न पटणारा निर्णय येतो, तेव्हा त्याला दोन वाटा मोकळ्या असतात: पद सोडणे, किंवा पदावर राहूनच नकार देणे. (मुकाट्याने सही करण्याची तिसरी वाट सर्वाधिक वापरातली असली, तरी तिच्यासाठी सल्ल्याची गरज कोणाला पडत नाही.) दोन्ही वाटांनी प्रामाणिक माणसे गेलेली आहेत. त्यामुळे निवड करताना स्वतःच्या सचोटीची तपासणी करीत बसण्यापेक्षा आपल्या पदाचे स्वरूप तपासावे, असे मला वाटते. आपण नाही म्हटल्याने काही अडते का, आणि ते नाही कोठे नोंदले जाते, यावर बरेच काही ठरते.

मंत्र्याचे पद घेऊ. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असल्याने बैठकीत कितीही वाद घातला तरी बाहेर आल्यावर निर्णय सर्वांचाच ठरतो. इराक युद्धाच्या वेळी ब्रिटनच्या एकाच मंत्रिमंडळातील दोघांनी दोन वाटा निवडल्या. रॉबिन कुक यांनी १७ मार्च २००३ रोजी, म्हणजे संसदेतील निर्णायक मतदानाच्या आदल्या दिवशी, राजीनामा दिला आणि त्याच रात्री सभागृहात उभे राहून त्याची कारणे सांगितली. क्लेअर शॉर्ट यांनी तर त्याआधीच राजीनाम्याचा जाहीर इशारा दिला होता. पण युद्धोत्तर पुनर्बांधणीचे काम आपल्या हातून व्हावे म्हणून त्या थांबल्या, त्यांनी सरकारच्या बाजूने मत दिले आणि १२ मे रोजी त्या बाहेर पडल्या. युद्ध दोघांपैकी कोणामुळेच थांबले नाही. शॉर्ट यांचा हेतू खोटा होता असे मी म्हणणार नाही, परंतु ज्या पदावर गप्प राहणे म्हणजेच संमती, तेथे आठ आठवड्यांच्या उशिराने राजीनाम्याचा अर्थच बदलून जातो.

राजीनाम्याचे बळ त्यासोबतच्या निवेदनात असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये कायदामंत्रिपद सोडले. निवेदनाची प्रत आधी देण्याचा आग्रह सभागृहात धरला गेला, तेव्हा ते बाहेर पडले आणि त्यांनी ते निवेदन वृत्तपत्रांकडे दिले. हिंदू कोड बिलाची रखडपट्टी, अनुसूचित जातींची उपेक्षा, परराष्ट्र धोरण अशी कारणे त्यात मुद्देसूद मांडलेली आहेत. ‘वैयक्तिक कारणास्तव’ असे दोन शब्द लिहून जाणाऱ्याला मनःशांती मिळत असेल. सार्वजनिक जीवनाच्या हाती मात्र काही लागत नाही.

या वाटेची उणीवही मोठी आहे: खुर्ची रिकामी राहत नाही. २० ऑक्टोबर १९७३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी, विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरीच्या वॉटरगेट प्रकरणाचा तपास करणारे विशेष अभियोक्ता (सरकारी वकील) आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढून टाकण्याचा आदेश दिला. ॲटर्नी जनरल एलियट रिचर्डसन यांनी नकार देऊन पद सोडले, त्यांचे उपप्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला, आणि तिसऱ्या क्रमांकावरील रॉबर्ट बोर्क यांनी त्याच संध्याकाळी आदेश अमलात आणला. तरी लोकांचा संताप एवढा उसळला की थोड्याच दिवसांत नवा विशेष अभियोक्ता नेमावा लागला. एरवी, ज्याच्या जाण्याची बातमीही होणार नाही, त्याने आपल्या जागी कोण येईल याचा विचार आधी केलेला बरा.

प्रशासकीय अधिकाऱ्याची स्थिती वेगळी असते, कारण त्याच्याजवळ नस्ती (फाईल) असते आणि नस्तीवरचा शेरा टिकतो. दबाव बहुधा तोंडी येतो. दूरध्वनीवरून ‘एवढे करून टाका’ असे सांगितले जाते आणि कागदावर काही उरत नाही. अशा वेळी ‘आज दुपारी मिळालेल्या तोंडी सूचनेची लेखी पुष्टी व्हावी, ही विनंती’ एवढी एक ओळ वर पाठवली, की सूचना देणाऱ्याला तिच्याखाली स्वतःचे नाव घालावे लागते, आणि पुष्कळदा ती सूचना परत येतच नाही. लेखी आदेश आलाच, तर त्यावर नियमाचा आधार देऊन भिन्न मत नोंदवता येते. या वाटेवर वरवर शांतता असली तरी तिची किंमत बदली, रखडलेली पदोन्नती आणि सहकाऱ्यांचा दुरावा अशा हप्त्यांनी वर्षानुवर्षे फेडावी लागते. ती कुटुंबालाही फेडावी लागत असल्याने घरात आधी बोलून घ्यावे. आणखी एक धोका आतला आहे. ‘मी आहे म्हणून एवढ्यावर निभावले’ हे वाक्य माणूस स्वतःला वारंवार ऐकवू लागला, आणि वर्षभरात त्याचा एकही नकार कागदावर सापडत नसेल, तर तो विरोध करीत नसून नुसता टिकून आहे असे समजावे.

म्हणून माझा कौल सरळ विभागलेला आहे. ज्याचे भिन्न मत नोंदले जाऊच शकत नाही, त्याने वेळेवर आणि कारण सांगून जावे. ज्याच्या सहीवाचून काम पुढे सरकत नाही, किंवा ज्याचे मत दप्तरात कायम राहते, त्याने घाईने जाऊ नये.

न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांच्याबाबतीत दोन्ही गोष्टी ओळीने घडल्या. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी मान्य केले की स्थानबद्ध नागरिकाला सुटकेसाठी न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही; खन्ना यांनी एकट्याने विरुद्ध निकालपत्र लिहिले. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला देण्यात आले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. तोवर त्यांचे मत नोंदले गेलेले होते. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताचा तो निकाल रद्दबातल ठरवला, आणि तसे लिहिणाऱ्या न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे वडील १९७६ च्या त्या चौघांपैकी एक होते.