पाणी उतरलेला वस्तरा

नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात, २८ वर्षं काढली. सरफेस ग्राइंडर, त्याचं घासायचं चाक म्हणजे व्हील ड्रेस करणं, दोन मायक्रॉनसाठी इन्स्पेक्शनवाल्यांशी हुज्जत, यातच केस पांढरे झाले. आणि निवृत्त होऊन आठ महिने होतात न होतात तोच एका माणसानं मला धार लावायचा दगड विकताना गंडवलं. ५४०० रुपयांना. लाजेपोटी तीन महिने नात्यागोत्यात कुणाला बोललो नाही. पण परवा सिडकोतला माझा मेहुणा फोनवर म्हणाला, “भाऊजी, घरच्या घरी वस्तऱ्याला धार लावायचा एक मस्त संच बघितलाय,” तेव्हा म्हटलं, आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

वस्तरा आजोबांचा. ते नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. रोज पहाटे दाढी, आणि त्याआधी दाराच्या कडीला अडकवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर वस्तऱ्याचा सटक-सटक आवाज. त्या आवाजानं घर उठायचं. वस्तरा जर्मनीच्या झोलिंगेन गावचा, मुठीजवळच्या दांड्यावर तसा ठसा. हे नाव कुणीही कशावरही ठोकू नये म्हणून जर्मनीत १९३८ पासून कायदाच आहे. आजोबा गेल्यावर तो डबीत पडून राहिला. वडिलांनी आयुष्यभर साधं ब्लेड वापरलं, मीही. निवृत्तीनंतर हाताला काम हवं होतं, म्हणून तो बाहेर काढला. धार पार बसलेली, पण कुठे टवका नाही, गंज नाही.

त्याच सुमारास गंगापूर रोडवर एक प्रदर्शन लागलं होतं. लोणची, सोलापुरी चादरी, पाठ चोळायचं यंत्र, त्यातच एका कोपऱ्यात हा स्टॉल. पस्तिशीचा, कातडी एप्रन घातलेला, मोजकं बोलणारा माणूस. हिरव्या कापडावर तीन दगड मांडलेले: पिवळट १००० ग्रिटचा, गुलाबी ५००० चा आणि गडद निळा १२००० चा. ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगडाचा कण बारीक. “जपानी, नैसर्गिक खाणीतला.” सोबत चामड्याचा पट्टा आणि हिरव्या पेस्टची कांडी. त्यानं समोरच्या एका मुलीकडून डोक्याचा एक केस मागून घेतला, चिमटीत लोंबता धरला आणि वस्तऱ्याचं पातं नुसतं टेकवलं. केसाचे दोन तुकडे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढे होऊन मनगटावर फिरवून बघितला, केस साफ.

आता आठवतं तेव्हा कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. परीक्षा झाली ती त्याच्या वस्तऱ्याची. पैसे मी देणार होतो दगडाचे. त्या दगडावर त्यानं आमच्यासमोर एकदाही काही घासलं नाही.

मी ग्रिटबद्दल काहीतरी विचारलं, त्यावरून त्यानं माझं काम काढून घेतलं. “टूलरूमला होतात? मग तुम्हाला मी काय सांगायचं, साहेब! इथे येणाऱ्या शंभरात एकाला कळतं हे.” झालं. मला स्वर्ग दोन बोटं उरला. खरं तर आमची व्हील ४६, ६०, फार तर १२० ग्रिटची. १२००० चा दगड मी उभ्या जन्मात हातात धरला नव्हता. पण जाणकार म्हणून एकदा पाट मांडला गेला की अडाण्यासारखे प्रश्न विचारता येत नाहीत. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी होती. ती सवयीनं आजही असते. दगड सपाट आहे का, हे ती त्यावर आडवी ठेवून उजेडाकडे बघायला पाच सेकंद लागली असती.

“तुमचा वस्तरा उद्या घेऊन या, पहिली धार आमच्याकडून फुकट,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी नेला. त्यानं तो हातात घेतला, ठसा बघितला, “वा, काय माल आहे!” म्हणाला आणि पडद्यामागे गेला. मागून मोटरचा आवाज आला. मी चादरी बघत उभा. वीस मिनिटांनी वस्तरा आला तो आरशासारखा चकचकीत. त्यानं माझ्याच मनगटावर फिरवून दाखवला, केस उडाले. मी तिथल्या तिथे क्यूआर कोड स्कॅन केला. पैसे घेणाऱ्याचं नाव स्टॉलवरच्या पाटीशी जुळत नव्हतं. विचारलं तर म्हणाला, “भावाचं खातं आहे.” बिल? “साहेब, बिल केलं तर जीएसटी लागेल, तुम्हालाच महाग पडेल.” मीही मान डोलावली.

त्याच स्टॉलवर ‘ब्लेड वर्षभर टिकवणारी’ लोहचुंबकाची डबीही होती, ४५० रुपयांना. तेवढ्यातून बायकोनं वाचवलं. “अहो, पाच ब्लेडचं पाकीट वीस-पंचवीस रुपयांना मिळतं, त्यासाठी डबी कसली साडेचारशेची?” या चमत्कारांचा इतिहास जुना आहे. चेकोस्लोव्हाकियात एका रेडिओ इंजिनिअरनं पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली ब्लेड ठेवलं की धार परत येते असं म्हणत चक्क पेटंट मिळवलं होतं, १९५९ साली. आमच्याकडे काचेच्या पेल्यात आतून ब्लेड घासायचे. जुन्या साध्या पोलादी ब्लेडला त्यानं थोडाफार फरक पडत असेलही, पण आजच्या स्टेनलेस ब्लेडच्या धारेवर टेफ्लॉनसारखा अगदी पातळ थर असतो. घासलं की आधी तोच जातो. ब्लेड बोथट का होतं यावर अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये काम केलं. केस पोलादापेक्षा साधारण ५० पट मऊ, पण पोलादाची घडण सगळीकडे सारखी नसते, आणि केस विशिष्ट कोनात वाकला की धारेचा बारीक टवका उडतो. उडालेला टवका डबीतल्या चुंबकानं परत कसा येणार?

असो. मूळ मुद्द्याकडे येतो.

पहिली दाढी बरी झाली. दुसऱ्या दिवशी वस्तरा ओढायला लागला. तिसऱ्या दिवशी हनुवटीखाली रक्त. मग मी पेटीतून जुनी १० पट दाखवणारी लूप काढली आणि धार उन्हात धरली. धारेच्या कडेला बारीक, वळलेली चंदेरी तार दिसली, तुटक तुटक. आमच्या भाषेत बर. मशिनच्या चाकावर दाबून घासलं की धातू कडेला सरकून अशी तार निघते. ती मनगटावरचे लव-केस झकास उडवते, दाढीच्या राठ केसांवर मात्र एका दिवसात दुमडते. म्हणजे मनगटावरची परीक्षा खोटी नव्हती, फक्त तिचा अर्थ वेगळा होता.

आणि मग ते दिसलं. पात्याच्या टोकाकडे, धारेला लागून, करंगळीच्या नखाएवढा निळसर डाग. ग्राइंडिंगमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला हा रंग सांगावा लागत नाही. जॉब, म्हणजे घासायचा तुकडा, जास्त तापून भाजला की असाच दिसतो, त्याला आम्ही बर्न म्हणतो. पोलाद तापत गेलं की आधी गवती पिवळं होतं, मग तपकिरी, जांभळं, आणि ३०० अंशांच्या आसपास निळं. वस्तऱ्याची धार कागदासारखी पातळ, कोरड्या चाकावर तेवढं तापायला काही सेकंद पुरतात. तिथलं पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. आता तिथे कितीही चांगली धार काढा, ती उभी राहत नाही. वर बफिंगमध्ये दांड्यावरच्या ठशाची अर्धी अक्षरं पुसली गेली. पंचाहत्तर-ऐंशी वर्षं टिकलेली अक्षरं वीस मिनिटांत गेली.

त्या रात्री मी दगड पाण्यात टाकले. सकाळी बादलीतलं पाणी शाईसारखं निळं. टूलरूमचा माणूस जागा झाला, पण उशिरा. निळ्या दगडावर पट्टी ठेवली, खालून फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पात्यांच्या संचातली, ०.३० मिलिमीटरची पात सरकवली, ती आरामात आत गेली. वस्तऱ्याच्या दगडात एवढा खोलगा म्हणजे काम संपलंच. मग जुन्या सुरीवर तिन्ही दगडांचे दहा-दहा हात मारले आणि लूपखाली ओरखडे बघितले. १००० चा, ५००० चा, १२००० चा, तिघांचे ओरखडे सारखेच जाडे. शेवटी हातोडी घेतली आणि जपानी खाणीतला निळा दगड फोडला. रंग वरच्या दीड-दोन मिलिमीटरपर्यंतच. आत तोच राखाडी दगड, गोदावरीकाठी बुधवारच्या बाजारात विळ्या-कोयत्यांसाठी मिळतो तसला.

फोन लावला. पहिल्यांदा उचलला. “दगड नीट भिजवला नसेल, साहेब. तुम्ही तर टूलरूमचे.” नंतर उचललाच नाही. प्रदर्शन उठून गेलं होतं. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तिथल्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, विक्रेत्याचं नाव, पत्ता, बिल? माझ्याकडे होतं ते एका ‘भावाचं’ नाव आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फीसुद्धा नाही. पण तक्रार कुणाविरुद्ध करायची, हे तरी हातात असावं लागतं. जीएसटी वाचवण्याच्या नादात मी तेवढंही ठेवलं नव्हतं.

वस्तरा घेऊन मग पंचवटीत नानांकडे गेलो. त्यांचा गाळा रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर. दशक्रियेच्या क्षौराची कामं आता मुलगा बघतो, तोही अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यानं. पूर्ण पोलादी वस्तरा सलूनमधून एड्सच्या धास्तीनंतर गेलाच. पण नानांच्या जुन्या धोकटीत दगड आणि चामोटी, म्हणजे धारेचा चामड्याचा पट्टा, अजून आहेत.

त्यांनी चष्मा वर केला, वस्तरा धार वर करून दाराकडे धरला आणि बराच वेळ बघितलं. “भाऊ, ही रेघ चमकते का?” चमकत होती, मध्ये मध्ये तुटक. “धार दिसली की धार नाही. खरी धार उजेडाला सापडत नाही.” मग निळा डाग दिसला तसा त्यांनी वस्तरा खाली ठेवला. “हा भाजलाय. कुणी भाजला?” मी सांगितलं. ते हसले नाहीत, याचं मला फार बरं वाटलं.

त्यांनी दगड ओला केला आणि वस्तरा त्यावर सपाट झोपवला, पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकलेली. “कोन आपण द्यायचा नाही. तो करणाऱ्यानं पाठीच्या जाडीत देऊन ठेवलाय. आपण फक्त दाबायचं नाही.” दगडावर जाताना धार पुढे, चामोटीवर मात्र पाठ पुढे, नाहीतर चामडं कापलं जातं. आणि वळवताना पाठीवरून उलटायचा, धारेवरून कधीच नाही. माझ्या हातात दिला, तेव्हा पहिल्याच फेऱ्यात मी दाब दिला. ग्राइंडरवरची सवय. त्यांनी मनगट धरलं आणि म्हणाले, “वस्तऱ्याचं वजन त्याला पुरतं, तुमचं कशाला टाकता?”

एक युक्ती माझी, ती त्यांना आवडली. धारेच्या दोन्ही बाजूंना मार्कर पेननं काळी शाई लावायची, दगडावर एकच हात मारायचा आणि बघायचं. शाई सगळीकडून सारखी गेली तर दगड सपाट आणि हात बरोबर. मधे राहिली तर दगडात खोलगा किंवा वस्तऱ्यात वाक. स्टॉलवर दहा रुपयांचा मार्कर नेला असता तरी चाललं असतं.

भाजलेला भाग हळूहळू घासून काढायचं ठरलं. दर रविवारी थोडा थोडा, दगड सतत ओला, घाई नाही. दोन महिन्यांत पातं रुंदीला जवळजवळ दोन मिलिमीटर कमी झालं तेव्हा निळा रंग संपला आणि खालचं चांगलं पोलाद लागलं. नानांनी पैसे घेतले नाहीत, मी दर वेळी चिवड्याचं पाकीट नेत होतो. दाढीनंतर वस्तरा पुसून कोरडा करतो, शिलाई मशिनच्या तेलाचा थेंब बोटानं फिरवतो. पावसाळ्यात तर एक दिवसही चुकवत नाही, असल्या पोलादाला रात्रीत गंज चढतो. ठशातली शेवटची चार अक्षरं तेवढी उरलीत.

मेहुण्याला घेऊन काल त्याच्या त्या स्टॉलवर गेलो. जागा वेगळी, माणूसही वेगळा, जेमतेम पंचविशीचा. पण हिरवं कापड तेच आणि त्यावर पिवळा, गुलाबी, निळा, त्याच क्रमानं. मी काही ओळख दिली नाही. खिशातली पट्टी काढली आणि निळ्या दगडाकडे हात नेला.

“दगडाला हात नका लावू, काका,” तो घाईनं म्हणाला. “घामानं खराब होतो.”

मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं आणि पाकीट खिशात परत घातलं.