जुन्या कॅसेटमधला आवाज जसाच्या तसा काढून देणारे लक्ष्मीपुरीतले दुकान, आणि आप्पांचे वडाली बंधू

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्य बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर रेडिओ दुरुस्तीचे एक दुकान आहे. तिथे जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हमध्ये भरून देतात. दुकानाचे नाव आणि फोन नंबर टाकू नका, अशी विनंती मालकांनीच केली, म्हणून ते देत नाही. सत्तरीचे गृहस्थ आहेत, एकटेच काम करतात. गल्लीत ‘रेडिओवाले मामा’ म्हणून विचारलेत की कुणीही जिना दाखवेल. घरात आजोबांच्या आवाजाच्या, भजन-कीर्तनाच्या, लग्नात भरून घेतलेल्या कॅसेट पडून असतील तर त्या दुसरीकडे कुठे देण्याआधी इथे दाखवा.

दर सांगून टाकते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटचे ३०० रुपये. डबी फुटलेली किंवा फीत तुटलेली असेल तर वर १००. रोख द्यायचे, पेन ड्राइव्ह आपला न्यायचा. ‘गाणी भरून द्यायला एवढे पैसे?’ असे कुणाला वाटले तर लक्षात घ्या, कॅसेट जेवढ्या मिनिटांची तेवढा वेळ ती वाजवावीच लागते. नव्वद मिनिटांची कॅसेट दहा मिनिटांत उतरत नाही. शिवाय मामा ती वाजत असताना समोर बसून ऐकतात.

मी नेलेली कॅसेट आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आप्पा गंगावेश तालमीत वाढले. त्यांच्या उमेदीच्या काळात पंजाबचे मल्ल खासबागेत लढायला येत, महिनोन्महिने इथे राहत, आपल्याच तांबड्या मातीत मेहनत करत. त्यातल्या अमृतसरकडच्या एकाशी आप्पांची दोस्ती जमली. तो गावी परतल्यावर त्याने टपालाने एक कॅसेट पाठवली. जालंधर आकाशवाणीवर लागलेला पूरणचंद आणि प्यारेलाल वडाली या पंजाबी सूफी गायक भावांचा कार्यक्रम त्याने घरच्या टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ-टेपवर, भरून घेतला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या घरात पंजाबी कुणालाच येत नव्हते, तरी ती कॅसेट रविवारी सकाळी वाजायचीच.

दोस्ताने सोबत एक बातमीही कळवली होती. या दोघांतले थोरले पूरणचंद पहिलवान आहेत! आप्पांनी ती आयुष्यभर सांगितली. आजही गाणे लागले की म्हणतात, “आपला गडी हाय ह्यो. छातीतनं येतोय बघ आवाज.”

बातमी खरीच होती. पूरणचंद वडाली यांनी गाण्यात उतरण्याआधी सुमारे पंचवीस वर्षे आखाड्यात काढली. त्यांचे गाव गुरू की वडाली, अमृतसरजवळ. सहावे शीख गुरू हरगोबिंद यांचा जन्म १५९५ साली याच गावात झाला. घरात गाणे पिढ्यान्‌पिढ्यांचे. पण पोराचा जीव कुस्तीत, आणि वडील ठाकुरदास यांनी त्याला जवळजवळ सक्तीने गाण्याकडे वळवले. पुढे पूरणचंद पंडित दुर्गादास आणि उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांच्याकडे शिकले. धाकटे प्यारेलाल गावच्या रासलीलेत कृष्णाचे काम करून घरच्या तुटपुंज्या मिळकतीला हातभार लावत. त्यांचे गुरू म्हणजे थोरले भाऊच. शेवटपर्यंत प्यारेलाल त्यांना गुरूच मानत आले.

कोल्हापूरकराला पहिलवान गातो म्हणून नवल वाटायला नको. शाहू महाराजांनी खासबाग मैदान आणि पॅलेस थिएटर, म्हणजे आताचे केशवराव भोसले नाट्यगृह, एकमेकांना लागून उभे केले. इकडे कुस्ती, तिकडे संगीत नाटक, मध्ये भिंत. गायक अल्लादिया खाँसाहेबांना याच राजाने दरबारात ठेवले आणि मल्लांचा खुराकही याच दरबारातून चालायचा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह जळाले तेव्हा आप्पा दोन दिवस धड जेवले नाहीत.

आता कॅसेटकडे येते. मामांकडे जाण्याआधी ती मी शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी दिली होती. नाव लिहीत नाही. काम झटपट झाले, पाकीट छान होते, गाण्यांना क्रमांक घातलेले होते. घरी येऊन लावले तर खरखर पूर्ण गेलेली आणि तिच्यासोबत गाणेही गेलेले. सॉफ्टवेअरने खरखर पुसताना आवाजाच्या वरच्या कडा खाऊन टाकल्या होत्या. तान घेताना शब्दावर जो घासल्यासारखा जोर येतो तो नाही. ओळ संपल्यावर दम घेतलेला ऐकू येत नाही. दोन ओळींच्या मध्ये तर ठार शांतता, कारण तेवढ्या जागेत यंत्राला गाणे सापडले नाही आणि त्याने सगळेच पुसले. आप्पांनी दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाले, “ही कोण दुसरीच माणसं हायत.”

मामांनी कॅसेट हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, “विकतची का भरून घेतलेली?” रेडिओवरून भरून घेतलेली आहे म्हटल्यावर खुर्ची पुढे ओढली. डबी उजेडात धरून फीत पाहिली. कडेला बुरशीचा पांढरा ठिपका नव्हता. आमच्या हवेत याचेच नशीब मानायचे. पण आतला प्रेशर पॅड गळून पडला होता. कॅसेटच्या तोंडाशी तांब्याच्या पातळ पट्टीवर नमद्याचा बारीकसा तुकडा असतो. तो फितीला मागून दाबून हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, टेकवतो. त्याचा डिंक वाळला की तुकडा निसटतो, आणि मग आवाज कधी लांब जातो, कधी जवळ येतो. लोक म्हणतात फीत खराब झाली. बिघडलेले असते ते हे एवढेसे.

त्यांनी पाच स्क्रू काढून डबी उघडली. दोन्ही गुंडाळ्या दोन बोटांनी अलगद उचलून दुसऱ्या चांगल्या डबीत बसवल्या, फीत चिमट्याने दोन्ही रोलरवरून फिरवली, झाकण लावले. डेकचे, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्राचे, हेड आणि फीत ओढणारा पिंच रोलर स्पिरिटच्या बोळ्याने पुसले. बोळा तपकिरी निघाला तेव्हा दुसरा घेतला, तो स्वच्छ निघेपर्यंत थांबले. कॅसेट लावली ती यानंतर.

मग त्यांनी हेड मिळवले. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचे हेड आणि आपल्या डेकचे हेड अगदी एका कोनात असेलच असे नाही. केसाएवढा फरक पडला तरी आवाज कोंदट येतो. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. मामा डोळे मिटून तो किंचित इकडे, किंचित तिकडे फिरवत होते. सुरुवातीला भिंतीपलीकडून यावा तसा आवाज होता. स्क्रू थोडा फिरला आणि टाळ्या सुट्या झाल्या, तबल्याची चाट उघडली, आणि पूरणचंदांच्या शब्दांतला ‘स’ कानावर आला. संगणकाला अजून हातही लागला नव्हता.

यानंतरचा भाग मला सगळ्यात आवडला. मी मंगळवार पेठेतल्या भजनी मंडळात पेटी वाजवते, त्यामुळे पट्टीकडे कान जातोच. कॅसेटमधली पेटी काळी एक आणि पांढरी दोन या लागोपाठच्या पट्ट्यांच्या अधेमधे कुठेतरी लागत होती. मामांना तसे म्हटले. त्यांनी संगणकावर ध्वनीचा आलेख उघडला आणि अगदी खाली एक बारीक सलग रेघ दाखवली. भरताना टू-इन-वन विजेवर चालत होता, त्या विजेची घरघर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, आणि ही रेघ ५१ च्या पुढे दिसत होती. म्हणजे फीत वेगात पळत होती. “त्या काळात विजेचाबी भरवसा नव्हता, नुसत्या रेघंवर जाऊ नका, ताई. तुमच्या पेटीवर बघू,” असे म्हणून त्यांनी वेग हळूहळू उतरवला, मी फोनवरच्या पेटीचा सूर धरला, आणि काळी एकला दोन्ही जुळले. आवाज भरदार झाला. इतकी वर्षे आम्ही हे भाऊ जरा घाईत असल्यासारखे ऐकत आलो होतो.

खरखरीला त्यांनी हात लावला नाही. फक्त विजेची घरघर कमी केली, तीही दुसऱ्या फाइलमध्ये. पहिली फाइल फितीवर होते तसेच, काहीही न पुसलेली. रेडिओच्या मध्यम लहरीची शिट्टी, निवेदकाचा पंजाबी आवाज, पहिली बाजू संपताना मध्येच तुटलेली ओळ, सगळे तसेच. त्यांचे म्हणणे असे की पुसायचे ते नंतर कधीही पुसता येते, पुसलेले परत आणता येत नाही. दोन्ही फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात देतात. नव्वद मिनिटांना साधारण ९५० एमबी जागा लागते, त्यामुळे चार-आठ जीबीचा जुना पेन ड्राइव्हही पुरतो. फोनवर ऐकायला एमपी३ मागितली तर तीही देतात, वेगळे पैसे घेत नाहीत.

या गायकांसाठी ही काळजी का महत्त्वाची, हे ऐकताना कळते. आप्पांच्या कॅसेटवर मुख्य आहे ती पंजाबी सूफी संतकवी बुल्ले शाहची काफी, म्हणजे सूफी भक्तिगीत. काफी आपल्या अभंगासारखी धृपदावर परत परत येते. तीच ओळ येते, पण दर वेळी दुसरीकडून. थोरला खालच्या पट्टीत शब्द ठेवतो, धाकटा त्यावरून वर निघतो, आणि कुठे कोण संपला नि कोण सुरू झाला ते फक्त श्वासावरून ओळखायचे. तो श्वास सॉफ्टवेअरने खरखर म्हणून पुसला तर दोन भावांचा एकच माणूस होतो. बुल्ले शाह सय्यद घराण्यातला, त्याने गुरू केला तो शेती करणाऱ्या अराईं जातीचा शाह इनायत, घरच्यांचा विरोध पत्करून. त्याची कबर कसूरला, आणि बडे गुलाम अली खाँ यांचा जन्मही कसूरचाच. फाळणीत कसूर पाकिस्तानात गेले, पण त्या गावचे गाणे बडे गुलाम अलींकडून वडाली गावापर्यंत पोचले होते.

जालंधर आकाशवाणीचीही एक हकिकत आहे. १९७५ साली हे दोघे जालंधरच्या हरवल्लभ संगीत संमेलनात गायला गेले. १८७५ पासून चालत आलेले हे संमेलन. त्यांचा गावाकडचा अवतार पाहून त्यांना मंचावर जाऊ दिले नाही. दोघे हिरमुसले, पण तसेच परत फिरले नाहीत. हरवल्लभाच्या मंदिरात बसून गायले. तिथे आकाशवाणीच्या जालंधर केंद्रावरच्या एका अधिकाऱ्याने त्यांना ऐकले आणि त्यांचे पहिले गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या माणसाने कपड्यांऐवजी गळा पाहिला म्हणून माझ्या आप्पांपर्यंत ती फीत आली. पुढे २००३ साली ‘पिंजर’ चित्रपटात ते गायले, २००५ मध्ये पूरणचंदांना पद्मश्री मिळाली. तरी गाव सोडले नाही, वडिलोपार्जित घरात राहून शिकणाऱ्यांकडून पैसे न घेता शिकवत राहिले. ९ मार्च २०१८ ला प्यारेलाल गेले. पूरणचंदांचे चिरंजीव लखविंदर आता गातात. त्यांचे गाणे मला आवडते, पण सोबतीला वाद्यमेळ फार असतो, आणि मला तो नको वाटतो.

दुकानाच्या उणिवा सांगायला हव्यात. जिना उभा आहे, कठड्याला एकाच बाजूने धरायला जागा. गुडघे दुखणाऱ्यांनी पोरांना पाठवावे. मामा काम चालू असताना फोन उचलत नाहीत. वेळ दिलेला असतो, तरी एखादा आठवडा पुढे जातो. पावती म्हणून वहीतल्या पानाचा कपटा मिळतो, तो जपून ठेवा. गाणी वेगवेगळी कापून देत नाहीत, एका बाजूची एक फाइल. मला तेच पसंत आहे, ज्यांना एकेक गाणे हवे त्यांना घरी कापावे लागेल. आमच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला फीत चुरगळली आहे, तिथे दोन-तीन ओळी बुडतात. ते दुरुस्त होणार नाही, असे त्यांनी पैसे घेण्याआधीच सांगितले.

पुरात भिजलेल्या कॅसेटही ते घेतात, पण एक सूचना पाळा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर शाहूपुरीतल्या, आमच्या ओळखीच्या काही घरांनी भिजलेल्या कॅसेट उन्हात वाळवल्या आणि मग टेपमध्ये घालून पाहिल्या. गाळ फितीला चिकटलेला असताना ती फिरवली की वरचा थर खरवडून निघतो. भिजलेली कॅसेट वाजवून पाहू नका, पेन्सिल घालून फिरवूही नका, आहे तशी कागदात गुंडाळून त्यांच्याकडे न्या. बाकीच्यांनीही पावसाळ्याआधीच जावे, जूननंतर बुरशीची कामे वाढतात आणि नंबर लांबतो. सोमवारी दुकान बंद असते. सकाळी अकराच्या आत जाऊ नका, आणि कॅसेटवर कोण गाते, कधी, कशावर भरली, एवढे कागदावर लिहून न्या. मामा ते वाचल्याशिवाय डेक लावत नाहीत.