गाइड घडवायचा कुठे: हेडसेटमध्ये की पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर?

पर्यटन शिकणाऱ्या मुलांना आता व्हीआरचा, म्हणजे आभासी दृश्यांचा, हेडसेट लावून नाशिकची पांडवलेणी दाखवता येतात आणि एआयला चिडलेला पर्यटक बनवून सरावही करून घेता येतो. दुसरी वाट जुनीच, जागेवर नेण्याची.

बोलण्याच्या सरावात मी ठामपणे एआयच्या बाजूने आहे. बुजरी मुलगी त्याच्यासमोर कितीही अडखळली तरी कुणी हसत नाही. बुकिंग रद्द झालंय, पाहुणे संतापलेत, हा प्रसंग मराठी-हिंदी-इंग्रजीत हवा तितका घोळवता येतो. नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचंही तेच. २०१५ नंतरची मुख्य स्नानं थेट २०२७ मध्ये. रामकुंडावरची ती गर्दी कॉलेजच्या वेळापत्रकात कशी बसवणार? तिथे सिम्युलेशनच हवं.

लेण्यांचं मात्र वेगळं. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे. हेडसेटमध्ये तो अगदी जवळून दाखवता येतो, हे मान्य. पण पायऱ्या चढून धापा टाकणाऱ्या आजोबांना आधी सावलीत बसवायचं, पाणी द्यायचं, इतिहास नंतर, ही समज जागेवरच येते. शिवाय ‘लेणी पांडवांनी खोदली’ असं एआय बिनदिक्कत सांगू शकतं; ते खोडायला शिलालेखात काय आहे हे मुलांना माहीत हवं.

काळाराम मंदिराचा १९३० चा, दलितांच्या मंदिरप्रवेशासाठीचा सत्याग्रह शिकवायचा तर मी मुलांना मंदिराच्या दारापाशीच नेईन.

हेडसेट महाग पडतात, एआयचा सराव मोबाइलवर होतो. छोट्या कॉलेजने आधी सिटीबसच्या तिकिटांवर पैसे घालावेत.