स्टेरॉइडचा पंप कमी करताना घेतलेले पीक फ्लो मीटर

दम्यासाठी बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप वर्षानुवर्षे घेणाऱ्याला बरे वाटू लागले की तो बंद करावासा वाटतो, आणि ‘स्टेरॉइडची सवय लागते’ असे सांगणारे नातेवाईक नंदुरबारात काही कमी नाहीत. धुळ्याच्या छातीविकारतज्ज्ञांनी मात्र पंप बंद करण्यास साफ नकार दिला. दमा सलग तीन महिने आटोक्यात असल्याची खात्री करून त्यांनी माझी दिवसाची मात्रा 800 मायक्रोग्रॅमवरून 400 वर आणली आणि सोबत पीक फ्लो मीटर घ्यायला लावले.

मीटर म्हणजे श्वास किती वेगाने बाहेर फेकता येतो ते मोजणारी, सरकत्या काट्याची प्लास्टिकची नळी. बॅटरीसुद्धा लागत नाही. उभे राहून छातीभर श्वास घ्यायचा, नळीच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून एका झटक्यात फुंकायचे आणि तीन वेळांतला सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. दमा आटोक्यात असतानाचा माझा उच्चांक मिनिटाला 420 लिटर आहे, त्यामुळे 80 टक्के म्हणजे 336 च्या खाली काटा गेला की डॉक्टरांना कळवायचे, असे ठरले आहे. मात्रा घटवल्यावर श्वासनलिकांची सूज हळूहळू पुन्हा वाढू शकते, तोवर माणसाला ठणठणीत वाटत राहते; म्हणून ही नोंद मोलाची.

आमच्याकडे हिवाळ्यात पथारींवर लाल मिरची वाळत असते, तेव्हा धडधाकट माणसालाही ठसका लागतो. अशा वेळी नुसत्या खोकल्यावरून काही ठरत नाही, आकडा पाहावा लागतो. मात्रा कमी करण्याचा मुहूर्तही डॉक्टरांनी पथारी उठल्यानंतरचाच काढला, हे मला विशेष आवडले.

उणिवा आहेत. माहितीपत्रकात मराठीचा पत्ता नाही. काटा खाली आणायचा राहिला तर मागचाच आकडा दिसतो. आणि फुंकण्यात कुचराई केली तर नोंद निरर्थक ठरते. शिवाय मोठ्या मात्रेचा पंप दीर्घकाळ घेऊन एकाएकी सोडणाऱ्याला, अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडावरची, शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी) मंदावलेली असल्यास, थकवा, मळमळ किंवा रक्तदाब उतरणे असा त्रास होऊ शकतो, तो या नळीत दिसणार नाही.

तरीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा घटवणाऱ्याने हे मीटर जरूर घ्यावे. लहान मुलांसाठी कमी मोजपट्टीचे मीटर वेगळे मिळते, दुकानात मागताना तसे स्पष्ट सांगावे.